स्त्री, वय छप्पन्न

रोडपाली, कळंबोली
१२ नोव्हेंबर २०२४

दादूस,

सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे. तो बाकी ठेवते. मला तुझा राग आलाय, आणि रागात वाकलं की माझी कंबर धरते.

चार फोन केले. दोन उचललेस. दोन्ही वेळा मी रडत होते आणि तू मध्येच म्हणालास, "भामा, आत्ता काय म्हणालीस? परत म्हण बघू." मी काय सांगतेय ते सोडून मी कशी सांगतेय तेवढंच तू ऐकतोस. बत्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत पोरं शिकवली, एकही असं वागलं नाही. म्हणून आता पत्र. आणि मुद्दाम शाळेच्या मराठीत लिहितेय, वहीत टिपून घ्यायला तुला त्यात काही सापडू नये म्हणून.

बातमी अशी की आयेचा आवाज गावभर फिरतोय. कुठलं गाव, असं विचारू नकोस. विमानतळाला गाव दिलं तरी माणसं आहेतच, कुणी करंजाड्यात, कुणी माझ्यासारखी इथे ब्लॉकमध्ये, आणि प्रत्येकाच्या हातात फोन आहे. पोरापोरींनी आपल्या बोलीचं एक पेज काढलंय. जुन्या बायांचे आवाज टाकतात. तुझ्या हॉलंडच्या विद्यापीठाने तुझ्या सगळ्या टेपा नेटवर ठेवल्यात ना, त्याची लिंक कुणीतरी त्यांना दिली. त्यांनी चार मिनिटं उचलली आणि टाकली. वर लिहिलं, 'ऐका आपली अस्सल बोली.'

परवा आमच्या बिल्डिंगखालच्या हॉलात भावकीतली हळद होती. डीजेवाला जेवायला बसला तेवढ्यात कुणीतरी गंमत म्हणून ती क्लिप स्पीकरवर लावली. आधी सगळे हसले. मग काशीमावशी भरल्या ताटावरून उठली आणि ओरडली, "अगो, ही तं नागूबाय! आपली धवलारीन!"

तुझ्या कागदावर काय लिहिलंयस? 'स्त्री, वय ५६, शिक्षण नाही.' नाव लपवलंस, गाव लपवलंस, बोलण्यात एक नाव आलं होतं तिथे टूं असा आवाज भरलास. मोठी मर्दुमकी केलीस! अरे शहाण्या, तीन गावांतल्या पोरींना हळद लागली ती आयेच्या गाण्यात. भटाला उशीर झाला तर चालायचा, पण तिच्या धवल्याशिवाय आपल्यात लग्न लागत नव्हतं. तिला कोण नावाने ओळखत होतं? आवाजानेच ओळखायचे सगळे. एवढा मोठा तू आवाजाचा डॉक्टर, आणि हे तुझ्या डोक्यात आलं नाही.

बाया रडल्या. मेलेलं माणूस बोलतंय म्हटल्यावर रडणारच. आणि रडता रडता आय काय बोलतेय ते त्यांच्या कानांत शिरलं.

तुझ्याकडे हजारभर टेपा असतील, तू विसरला असशील. मला पाठ आहे. टेप नंबर सत्तेचाळीस, मे १९९४. तू आयेला तो प्रश्न विचारलास. प्रश्न तुझा नव्हे, कुणा गोऱ्याचा, हे तूच तेव्हा सांगितलं होतंस: माणसाला विचारायचं, 'आता मी मरते असं तुला कधी वाटलं होतं का?' मग माणूस सांगण्यात बुडतो, समोरचं मशीन विसरतो, आणि खरी बोली बाहेर पडते. आय म्हणाली:

"मंग मना वाटला, आथा मी नाय वाचत. पोर जल्मला नि तिसरे दिवशी गेला. दूध दाटला, छाती दगर झाली, ताप डोक्यान गेला. त्याच टायमाला मिठागरावं घाटावरची एक बाई बालंतीन झाली नि ती गेली. कोनची, कुटची, कोनाला ठाव नाय. सुईनीनं तिचा पोर आनला नि माझे अंगावं टाकला. त्यो प्याला. त्यो प्याला नि मी वाचली. सुईन बोलली, नागू, तू पोराला जीव दिलास. नाय गो. त्यानं मना दिला."

आयेला पोरगे दोन. एक टेप करत बसलेला. मग दुसरा कोण, हे सांगायला कुणाला मास्तर लागत नाही.

शिवा तिथेच वाढायला उभा होता. भावकीतलं कार्य म्हणजे तो पुढे असतोच. हातात वालाचं पातेलं. क्लिप संपेस्तोवर तो वाढत राहिला. माझ्या ताटात वाढलं, म्हणाला, "बाय, आजून घे." मग पातेलं टेबलावर ठेवलं, हात धुतले आणि बाइक काढून गेला. रंजिता नवऱ्यामागे धावत गेली. तिची चप्पल तिथेच राहिली.

टेप आजच्या आज नेटवरून काढ. आणि त्याला फोन कर. काय बोलायचं ते मला विचारू नकोस, मलाही माहीत नाही.

भामा


रोडपाली
९ डिसेंबर २०२४

दादूस,

तुझा ईमेल पोचला. सहा ओळी. त्यातल्या दोन शिवासाठी आणि चार टेपसाठी.

टेप काढलीस, बरं झालं. बैल गेला नि झोपा केला. आता ती चार मिनिटं शंभर फोनांत आहेत. आणि शेवटी तू लिहितोस की आपल्या बोलीचं जे रूप त्या चार मिनिटांत आहे ते दुसरीकडे कुठे सापडत नाही, म्हणून मूळ प्रत जपली पाहिजे. जप बाबा. देव्हाऱ्यात ठेव.

हळदीनंतर शिवा आठ दिवस कुणाशी बोलला नाही. द्रोणागिरीला कामावर जायचा, यायचा, जेवायचा. मग एका गुरुवारी थेट गोडाऊनवरून माझ्याकडे आला, अंगात ते चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट तसंच. मी चहा टाकला. तो खुर्चीत नाही बसला, लहानपणी बसायचा तसा दाराला पाठ लावून जमिनीवर बसला. त्रेपन्न वर्षांचा माणूस, दादूस. केस सगळे पांढरे झालेत त्याचे.

म्हणाला, "बाय, तुना ठाव व्हता?"

मी म्हटलं, "नाय रं. मना कुटशी ठाव?"

शाळेच्या मराठीत मला तेवढं सफाईने खोटं बोलता आलं नसतं. त्याचा विश्वास बसला. म्हणाला, "दादूसला ठाव व्हता. त्याच्या मशीनमदीच हाय." मग कप बाजूला सारला आणि म्हणाला, "आयेनं त्याला सांगितला. मना नाय सांगितला." तेवढं बोलून चहा न पिता गेला.

आता पुढचं ऐक. एवढ्यावर भागलं असतं तर मी रडून गप्प बसले असते.

काकाचा सुशांत तुला आठवतो तो चड्डीत. आता तो बिल्डर झालाय, गळ्यात बोटभर जाड चेन. गाव उठलं तेव्हा घरातल्या प्रत्येक मुलाला करंजाड्यात वेगळा प्लॉट मिळाला. तुझं नाव नव्हतं, तू परदेशी. शिवाला मिळाला, 'नागूबाई मढवी यांचा मुलगा' म्हणून. त्यावर त्याने स्वतःच्या हाताने दोन खोल्या उठवल्या. सुशांतचा प्लॉट शेजारीच आहे. त्याला दोन्ही प्लॉट एक करून टॉवर चढवायचाय. शिवा सही देत नव्हता. म्हणायचा, "आयेच्या नावावं भेटलेली जागा हाय, ती मी कोनाला देनार नाय." सुशांत दोन वर्षं मागे लागला होता. आता त्याने मागे लागायचं सोडलंय आणि प्लॉट देणाऱ्या सरकारी ऑफिसात अर्ज केलाय. त्यात लिहिलंय, शिवा हा नागूबाईंचा मुलगा नाही, त्याने मुलगा म्हणून खोटा लाभ घेतला. सोबत क्लिप जोडली आहे. ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरचा उतारा जोडलाय, १९७१ साली आयेचं तीन दिवसांचं मूल गेल्याची नोंद.

सुनावणी लागलीय. काल गावदेवीच्या देवळात भावकीची बैठक झाली. सुशांत सगळ्यांसमोर म्हणाला, "रक्त आपला नाय, मंग हक्क कनचा?" वीस माणसं होती. याच माणसांच्या घरची मयतं शिवाने खांद्यावर नेलीत. सगळे मूग गिळून बसले. मी बाईमाणूस मागे बसलेली, मी उठून बोलले, तर सुशांत म्हणाला, "मावशे, तू मास्तरीन हायस, कायदा वाच." मावशे! मी त्याची चुलतबहीण. त्याला शिवीही धड देता येत नाही.

तू काहीतरी करशील असं धरून चालते.

भामा


रोडपाली
१९ जानेवारी २०२५

दादूस,

सुनावणी घेणाऱ्या मॅडमचं पत्र तुला आलंय हे तू काल फोनवर सांगितलंस. टेप तुझी आहे का, त्यातली बाई कोण, ते प्रतिज्ञापत्रावर लिहून दे, असं त्यांनी मागितलंय. मी म्हटलं, लिही की ही आपली आय नाही. तू म्हणालास, "भामा, मी खोटं कसं लिहू? ती बाई आपल्या गावची नाही म्हटलं तर माझ्या पुस्तकाचा पायाच निखळतो."

रात्रभर ते वाक्य माझ्या कानात घुमलं. आता माझं ऐक. मध्ये परत म्हण म्हणू नकोस.

पनवेलच्या हायस्कुलात मास्तरांनी तुला बाकावर उभं केलं होतं, 'हाय' आणि 'नाय' म्हणालास म्हणून. अख्खा वर्ग हसला. घरी येऊन तू दोन दिवस तोंड उघडलं नाहीस. तिसऱ्या दिवशी बाबांच्या मिठागराच्या पावत्यांच्या पाठीवर आयेचे शब्द लिहायला लागलास. ती तुझी पहिली वही. त्या वहीवरून तू पुण्याला गेलास, पुण्याहून हॉलंडला. गेल्या वर्षी तुझा सत्कार झाला त्याचा व्हिडिओ पाठवलास, त्यात ती जपानी बाई स्टेजवर उभी राहून म्हणाली, "जेवलांव का?" पोट धरून हसलो आम्ही, आणि डोळ्यांत पाणीही आलं. ज्या बोलीपायी तुला बाकावर उभं केलं ती लोक विमानाने येऊन शिकतात. हे तू केलंस. मी ते कुणाला नाकारू देणार नाही. शिवाने तो व्हिडिओ गोडाऊनमधल्या हमालांनासुद्धा दाखवला.

आता शिवाचं. बाबा गेले तेव्हा तू पुण्यात एम.ए. करत होतास. शिवा नववीत होता. दप्तर खुंटीला लावलं आणि मिठागरावर गेला. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं. "दादूस शिकतंय," एवढंच म्हणाला. मिठाने त्याच्या पायांना पडलेल्या भेगा अजून भरल्या नाहीत, बघ कधी आलास तर. आय गेली तेव्हा तुला विमान मिळालं नाही. अग्नी कोणी दिला?

आणि त्या मे महिन्यात, सत्तेचाळीस नंबरच्या टेपच्या दिवशी, अंगणात कोण होतं आठव. तू त्याला सांगितलं होतंस, कोंबड्यांचा आवाज टेपमध्ये यायला नको. तेवीस वर्षांचा दांडगा पोरगा दुपारभर उन्हात काठी घेऊन उभा राहिला, कोंबड्या हाकलत, शेजारची पोरं गप्प करत. आत आय त्याच्याबद्दल सांगत होती आणि बाहेर तो तुझी टेप स्वच्छ यावी म्हणून झटत होता.

त्या टेपा मी लिहून काढल्या. तुझा हुकूम होता, एक अक्षर गाळायचं नाही, खोकलासुद्धा लिहायचा. सत्तेचाळीसही मीच लिहिली. म्हणून सांगते, तू छापलीस त्याच्या आधी दोन ओळी होत्या. आय म्हणाली, "आनंदा, मशीन बंद केलास ना रं?" आणि तू म्हणालास, "केला, आये."

मशीन चालूच होतं. म्हणून तर त्या दोन ओळी टेपवर आल्या. माझ्या वहीत तू त्या लाल पेनाने खोडल्यास आणि मी काही बोलले नाही. तू मोठा, तू शिकलेला, मला वाटलं शास्त्र असंच असेल.

तेव्हा मला खरं-खोटं शिकवू नकोस. त्या टेपसाठी तू आयेशी एकदा खोटं बोललायस. आता तिच्या पोरासाठी एकदा बोल.

नाहीतर त्या दोन ओळी घेऊन मी मॅडमसमोर जाईन, असं लिहिणार होते. पण जाता येत नाही. तुझी चोरी सांगायची तर टेप खरी म्हणावी लागते, आणि टेप खरी म्हटली की शिवा गेला. अशी गोची आहे. त्यामुळे धमकी देता येत नाही, पाया पडते.

भामा


रोडपाली
१७ फेब्रुवारी २०२५

दादूस,

साष्टांग नमस्कार. यावेळी खरोखरचा.

कुरियर आज आलं. तीनदा वाचलं. 'सदर ध्वनिमुद्रणातील आवाज माझ्या मातोश्रींचा नाही. सदर स्त्री ही आपटा परिसरातील असून तिची ओळख आता उपलब्ध नाही.' खाली तुझी सही, जगभर चालणारी. ही सही करताना तुझा हात कसा चालला असेल ते मी समजू शकते. तू लिहितोस, पुस्तकाचं काय होईल ते बघू. बघू आपण.

मीही शपथेवर हेच सांगणार आहे. आपण दोघं सख्खी मुलं हा आयेचा आवाज नाही म्हणतोय म्हटल्यावर मॅडम सुशांतचं काय ऐकणार? राहिलं ते रजिस्टर. त्या वर्षी एक मूल गेलं आणि एक जगलं, जुळी होती म्हणून सांगू.

शिवाला यातलं काही कळवलेलं नाही. तो नको म्हणेल. त्या दिवशी त्याने नुसतं बसायचं आहे.

आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

तुझी बाय


रोडपाली
६ एप्रिल २०२५

दादूस,

तुझी तीन पत्रं टेबलावर आहेत. एकाचंही उत्तर दिलं नाही. तू विचारतोस काय झालं, शिवा फोन का उचलत नाही, मी त्याला समजवावं. आज सगळं लिहिते.

सुनावणी सत्तावीस मार्चला, सकाळी अकराला झाली. मॅडम तरुण होत्या, बोलायला चांगल्या. सुशांत वकील घेऊन आला होता. शिवा धुतलेला पांढरा शर्ट घालून आला होता, रंजिता बाजूला. मॅडमनी तुझं प्रतिज्ञापत्र वाचलं. सुशांतचं तोंड उतरलं, वकिलाच्या कानाशी लागला. मग मला विचारलं. मी शपथ घेतली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "हा आमच्या आईचा आवाज नाही. आम्ही या बाईला ओळखत नाही." शाळेच्या मराठीत म्हणाले. एकही शब्द अडखळला नाही.

मी शिवाकडे बघितलं. वाटलं होतं त्याला हायसं वाटेल. त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही.

वकील म्हणाला, एकदा सर्वांसमोर ऐकूया. लॅपटॉपवर लावलं. बारीक आवाज, पंख्याची घरघर, आणि त्यातून आय. 'त्यो प्याला नि मी वाचली.' मी खिडकीकडे बघत बसले, परक्या बाईचं ऐकावं तशी. मॅडमनी शिवाला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?" विचारायचं म्हणून विचारलं त्यांनी. फाइल मिटायला घेतली होती.

शिवा उठून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, ही माझी आय हाय."

मॅडम म्हणाल्या, "अहो, तुमच्या भावाने, बहिणीने शपथेवर नाही म्हटलंय."

"ती का बोलतान मना ठाव नाय. ही नागूबाय. माझी आय."

त्या बाईने, दादूस, पेन खाली ठेवलं. हळू आवाजात म्हणाली, "याचा अर्थ काय होतो, समजतंय ना तुम्हाला? दत्तकाचा काही कागद आहे का?"

"कागद नाय. समजतंय मना. पन मंग काय आयेला आय बोलू नको?"

रंजिता रडायला लागली. सुशांतसुद्धा खाली बघत होता, एवढं त्याच्याबद्दल लिहायला हवं.

हुकूम गेल्या आठवड्यात आला. प्लॉट रद्द. अपील करायला मुदत आहे, शिवा करत नाही म्हणतो. घरातलं सामान टेंपोत भरून ते आपट्याला गेले, रंजिताच्या माहेराजवळ एक खोली घेतलीय. तिथून रोज द्रोणागिरीला जातो.

तुझं तिसरं पत्र वाचलं. विद्यापीठाने विचारलंय की प्रतिज्ञापत्र खोटं की पुस्तक खोटं, आणि तू महिनाभर उत्तर दिलेलं नाहीस. तुझं व्याख्यान रद्द झालं. तुझ्या टेपा त्यांनी बंद करून ठेवल्या, सगळ्या, चाळीस वर्षांच्या. हे मी करायला लावलं. मी पाया पडले म्हणून तू सही केलीस. आणि उपयोग शून्य झाला.

आता जे पाच महिने दडवलं ते. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, लिंक कुणीतरी दिली. मी दिली. एकतीस ऑगस्टला शाळेत माझा निरोप समारंभ झाला. भाषणं झाली. ते पेज चालवणारी मनस्वी माझीच विद्यार्थिनी, ती म्हणाली, "बाई, तुम्ही डॉक्टर मढवींच्या बहीण ना?" मला इतकं भरून आलं. बत्तीस वर्षं खडू खाल्ला, कुणी ओळखलं नाही, आणि शेवटच्या दिवशी मी कुणाची तरी बहीण निघाले. मी तिथल्या तिथे फोन काढून लिंक पाठवली. म्हटलं, "ऐका, यात आमची आयपण हाय." सत्तेचाळीस नंबर मला आठवला नाही, असं मी स्वतःला सांगत आले. आठवला होता. वाटलं, हजार टेपांत कोण कशाला ती ऐकेल. आणि पुढे तुझ्यावरच बोंबा मारल्या. चोराच्या उलट्या बोंबा.

परवा मी आपट्याला गेले. ठरवून गेले होते की सगळं सांगायचं. दुपारची वेळ, शिवाला सुट्टी होती. खोलीत जागा नाही म्हणून ओट्यावरच बसलो. मी सांगितलं, मला ठाव होतं, टेप मीच लिहिली, लिंकही मीच दिली. दादूसने सही केली ती तुझ्यासाठी, मी शपथ घेतली तीही तुझ्यासाठी. तुझं घर राहावं म्हणून.

तो रागावला नाही. रागावला असता तर मला कळलं असतं कसं वागायचं. म्हणाला, "ठाव व्हता तं व्हता. ते मी कवाच सोरला. आयेनं तुमाला सांगितला, तुमी गप ऱ्हायलाव, मी पन गप ऱ्हायलू असतू."

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पन बाय, तू तिचे पोटची. सगल्यांदेखत तू बोललीस, ही आमची आय नाय. मी बाहेरचा, मना तिचा आवाज ओलखता आला. तुना नाय आला? दादूसला नाय आला?"

मी म्हटलं, "शिवा, तुझ्यासाठी रं."

"माझेसाठी आयेला नाय म्हन असा मी कवा सांगितला?"

दादूस, तू त्याला फोन करू नकोस. उचलला तर तो तुला हेच विचारेल, आणि तू चाळीस वर्षांत जमवलेल्या शब्दांत त्याला द्यायला एकही नाही.

नंतर तो उठला आणि आत हाक मारून म्हणाला, "रंजिता, पाहुण्यांना पानी दे." पाहुण्यांना म्हणाला. मी पाणी प्यायले आणि चारची एसटी धरली.

भामा